आहेराला की वापरायला? वडिलांच्या निवृत्तीसाठी सोलापुरी चादर घेताना

सोलापूरच्या चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत चादरीच्या दुकानात शिरलं की गादीवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "आहेराला पाहिजे का वापरायला?" या प्रश्नाच्या उत्तरावर समोर येणारा माल ठरतो. आहेराला म्हटलं की चकचकीत पिशवीतली, कडक घडीची, वर मोराचं चित्र असलेली हलकी चादर येते. वापरायला म्हटलं की मागच्या फळीवरचा, साध्या कागदात बांधलेला जड गठ्ठा खाली उतरतो. वडिलांच्या निवृत्तीची भेट घ्यायला आलेली मुलं सवयीनं "आहेराला" म्हणून मोकळी होतात. गडबड तिथंच होते.

निवृत्तीच्या समारंभात वडिलांना शाल, श्रीफळ, फेटा, भिंतीवरचं घड्याळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र कार्यालयाकडून मिळतंच. घरच्यांनी त्यात आणखी एका शोभेच्या वस्तूची भर घालण्यात अर्थ नाही. घरच्यांची भेट दुसऱ्या दिवशी सकाळपासून हाताला लागणारी असावी. सोलापुरात राहून, किंवा सोलापूरचे म्हणवून, ती इथल्या मागावरची असली तर आणखी चांगलं. म्हणून हे परीक्षण मुख्यतः चादरीचं, आणि तिच्या जोडीनं टॉवेलचं. घड्याळ, खुर्ची, रक्तदाबाचं यंत्र या नेहमीच्या पर्यायांचाही विचार केला आहे, पण थोडक्यात.

आधी एक स्थानिक अडचण. राज्य सरकारी कर्मचारी बहुतेक ५८व्या वर्षी निवृत्त होतात, तेही महिनाअखेरीस. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावलेली, त्यामुळे ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची रांगच लागते. ३१ मे म्हणजे सोलापुरात अंगावर बनियनसुद्धा नको वाटतं. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असताना दीड किलोची चादर हातात दिली तर बाबा हसून "छान आहे" म्हणणार आणि ती सरळ कपाटात जाणार. तिथं ती पावसाळाभर पडून राहते आणि खराब होते. ते कसं होतं ते पुढे सांगितलं आहे. चादर देऊच नये असा याचा अर्थ नाही. दोन द्याव्यात, एक जड आणि एक पातळ.

जड चादर म्हणजे नेमकी किती जड? सोलापुरी चादरीचं एकेरी पलंगाचं प्रचलित माप ६० इंच बाय ९० इंच. सेंटिमीटरमध्ये ते साधारण १५२ बाय २२८ होतं, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटरला थोडं कमी. या मापाची चादर १४०० ग्रॅमची असेल तर चौरस मीटरला ४०० ग्रॅम पडतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत अंगावर घ्यायला ही पुरेशी आहे. पातळ चादर त्याच मापात ७०० ते ८०० ग्रॅमची, म्हणजे चौरस मीटरला २०० ते २३० ग्रॅम. ती कूलरसमोर, गच्चीवर, प्रवासात आणि दुपारच्या डुलकीला चालते. सोलापूरच्या हवेत वर्षातले नऊ-दहा महिने हीच वापरात राहते. एकच घ्यायची ऐपत किंवा इच्छा असेल तर बिनदिक्कत पातळ घ्यावी. लोक उलटं करतात, कारण हातात जड लागलेली वस्तू भारी वाटते.

वजन मोजून घ्या. बहुतेक दुकानांत काटा असतो आणि मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. किमतीला वजनानं भागलं की किलोचा भाव निघतो. दोन दुकानांची तुलना करायला याहून सरळ रस्ता नाही. ९०० ग्रॅमची चादर ६३० रुपयांना असेल तर किलोला ७०० पडले. १४०० ग्रॅमची ८४० ला असेल तर किलोला ६००. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण असा हिशेब मांडला की वरून स्वस्त वाटणारी चादर महाग निघू शकते हे कळतं.

या हिशेबाला एक पळवाट मात्र आहे, ती म्हणजे खळ. कापडाला जास्त खळ दिली की ते कडक होतं, वजन वाढतं आणि घडी उभी राहते. आहेराच्या मालाचा रुबाब बराचसा खळीचा असतो. पहिल्या धुण्यात खळ गटारात जाते आणि हातात जाळीदार, लोंबणारं कापड उरतं. पारखायचं तर चादरीचा कोपरा दोन्ही हातांत धरून कपडे चोळतो तसा दहा-बारा वेळा चोळा, खाली काळा रुमाल धरा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग बाकीच्यापेक्षा एकदम लुळा पडला, तर वजनात खळीचा वाटा मोठा आहे. मग तोच भाग उजेडासमोर धरा. चोळल्यावर धाग्यांमधून उजेड जास्त दिसायला लागला तर ती चादर परत करा.

आता सूत. अस्सल सोलापुरी चादर सुती असते, आधी सूत रंगवून मग जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर विणलेली. नक्षी छापलेली नसते, विणीतच असते. त्यामुळे चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. समोर मरून जमिनीवर पिवळं फूल असेल तर मागे पिवळ्या जमिनीवर मरून फूल. मागची बाजू फिकट, अस्पष्ट किंवा कोरी असेल तर ती छापील चादर आहे. ती वाईटच असते असं नाही, पण सोलापुरी चादर म्हणून तिचे पैसे देऊ नयेत.

किनारीचा एक सुटा धागा काढून जाळून पाहणं ही जुनी आणि खात्रीची परीक्षा. सुती धागा चटकन पेटतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे मऊ राखाडी राख राहते, जी बोटांत चोळली की उडून जाते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, काळा धूर सोडतो आणि शेवटी टणक मणी राहतो. ऍक्रिलिकही वितळून काळा, वेडावाकडा गोळा ठेवतं. मिसळ असेल तर राखेत खडे लागतात. या परीक्षेची एक मर्यादा आहे, व्हिस्कोस हा लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागाही कागदासारखाच जळतो. मात्र चादरीत मुख्य भीती पॉलिस्टरची आणि ऍक्रिलिकची, आणि ती दोन्ही यात पकडली जातात. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे जाळा. भेसळ सहसा एकाच दिशेच्या धाग्यात असते, दुसरा सुती ठेवतात आणि ग्राहकाला तोच काढून देतात.

पुन्हा कातलेल्या सुताच्या चादरीही बाजारात भरपूर आहेत. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून हे सूत करतात आणि पानिपत त्याचं मोठं केंद्र आहे. त्या धंद्याबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे ती त्यावर सोलापूरचं नाव लावून विकण्याबद्दल. ओळख सोपी आहे: धागा जागोजागी जाड-बारीक, मध्येच परक्या रंगाचे ठिपके, हात फिरवला की गाठी, आणि झटकली की बारीक लव उडते. अशा चादरीवर तीन-चार धुण्यांत गोळे येतात. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. हे नाव सोलापूरच्या मालालाच लावता येतं. म्हणून लेबलावरचा मजकूर नीट वाचा. "सोलापुरी डिझाइन", "सोलापूर टाइप" असं लिहिणारा माणूस शब्द जपून वापरतो आहे, हे ओळखा. नुसता मोर, हत्ती किंवा "सुपर" हा शब्द काहीच सिद्ध करत नाही. कारखान्याचं नाव, पत्ता आणि सुताचा प्रकार छापलेला असावा, पक्कं बिल मिळावं.

खरेदी कुठं करावी, यावर सोलापूरकरांचे दोन तट आहेत. एक म्हणतो पूर्व भागात जा, साखर पेठ, अशोक चौक, तिथून पुढे अक्कलकोट रोडची एमआयडीसी. माग तिथं चालतात. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती तीच, आणि कारखान्याला लागून असलेल्या काउंटरवर ताजा माल दिसतो. दुसरा तट म्हणतो चाटी गल्ली, नवी पेठ बरी, एकाच फेरीत दहा दुकानं होतात. दोन चादरी आणि दोन टॉवेल घ्यायचे असतील तर दुसरा रस्ता सोयीचा. कारखान्याच्या काउंटरवर निवड कमी असते. तिथं त्या महिन्यात मागावर चढलेल्या रंगांतलंच मिळतं, आणि किरकोळ गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यायला माणूस मोकळा असेलच असं नाही. मात्र दहा-पंधरा नगांच्या वर घ्यायच्या असतील, म्हणजे वडिलांच्या भेटीसोबत कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांनाही द्यायच्या असतील, तर कारखानाच गाठावा. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर जाणं टाळा. आहेराच्या ठोक मागणीत चांगला माल मागे पडतो आणि "सगळं सारखंच आहे हो" हे वाक्य जास्त ऐकू येतं.

रंगाची परीक्षा दुकानातच करा. पांढरा रुमाल ओला करून गडद पट्ट्यावर वीस वेळा घासा. रुमालावर हलकी झाक आली तर चालेल, पहिल्या दोन धुण्यांत जास्तीचा रंग जातो. रुमाल सरळ लाल झाला तर तो रंग कच्चा आहे. घरी मिठाच्या पाण्यात बुडवून तो पक्का होत नाही, कितीही आज्यांनी सांगितलं असलं तरी. रंग पक्का होतो तो सूत रंगवतानाच. बाटली हिरवा, गडद निळा आणि मरून हे ज्येष्ठ माणसांच्या पसंतीचे रंग, मळही दाखवत नाहीत. मरूननं मात्र सर्वांत जास्त फसवलं आहे, म्हणून त्याच्यावर रुमाल दुप्पट घासावा.

विणीत एक दोष असा असतो जो दुकानात दिसत नाही आणि पलंगावर रोज छळतो. मोठ्या नक्षीच्या चादरीत काही ठिकाणी धागा बराच अंतर न बांधता सुटा पळवलेला असतो. तो पायाच्या नखात, अंगठीत, घड्याळाच्या पट्ट्यात अडकतो आणि ओढला गेला की नक्षीवर सुरकुती पडते. तळहात उलटा करून नखांच्या बाजूनं चादरीवरून फिरवा. अडकत असेल तर बारीक नक्षीची किंवा चौकटींची चादर घ्या. चौकट दिसायला साधी असते, पण जास्त टिकते. त्यानंतर चादर आधी लांबीत, मग रुंदीत दुमडून चारही कोपरे जुळवा. दोन बोटांपेक्षा जास्त फरक पडला तर कापड तिरकं आहे. धुतल्यावर ते आणखी तिरकं होईल आणि पलंगावर कधीच सरळ बसणार नाही. किनार दुहेरी दुमडून शिवलेली आहे ना, टाके सलग आहेत ना, हेही तेव्हाच पाहून घ्या.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण दुकानात आधी पाय मोजून अंथरूण घ्यावं लागतं. सुती चादर पहिल्या काही धुण्यांत शेकडा ३ ते ५ आटते. ९० इंचांची ८६-८७ होते. वडील पाच फूट आठ इंच, म्हणजे ६८ इंच असतील, तर डोक्यावरून घेऊन पायाशी खोचायला ती पुरते. बाजारात ५० बाय ८० इंचांचंही माप मिळतं आणि स्वस्त पडतं म्हणून खपतं. आटल्यावर ते ७६-७७ वर येतं. डोकं झाकलं की पाय उघडे, असली चादर निवृत्तीची भेट म्हणून कुणी देऊ नये. पाच फुटांच्या आत उंची असेल तरच ते माप बघा. आई-बाबा एकाच पलंगावर झोपत असतील तरी दुहेरी एकच चादर घेण्याऐवजी दोन एकेरी घ्या. एकाला पंखा लागतो आणि दुसऱ्याला सोसत नाही, हा प्रश्न साठीनंतर वाढत जातो. शिवाय दुहेरी जड चादर धुणं हा वेगळाच व्यायाम आहे.

धुण्याचा विचार भेट देणारे करत नाहीत, म्हणून तो इथं सविस्तर. १४०० ग्रॅमची सुती चादर हातानं पिळून काढल्यावरही दुपटीहून जड लागते, बादलीतून उचलताना तर त्याहूनही जास्त. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गल्लीत, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर वाकून हे ओझं उचलायचं काम बहुतेक घरांत आईकडे जातं. वडिलांना भेट आणि आईला कंबरदुखी असं व्हायला नको. घरी धुण्याचं यंत्र नसेल तर जड चादरीचं वजन बाराशे ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. यंत्र असेल तर सात किलोच्या यंत्रात एक जड चादर आरामात बसते, पण ती एकटी घालू नका. पिळताना ती गोळा होऊन ड्रमच्या एका बाजूला जाते, यंत्र धडधडतं आणि मध्येच थांबतं. जोडीला दोन टॉवेल घातले की वजन विभागतं. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, गार पाण्यात, सौम्य साबणानं करावीत. ब्लीच अजिबात नको. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर आडवी पसरावी. एकाच दोरीवर मधोमध लोंबवली तर ओल्या वजनानं दोरीच्या जागी फुगवटा येतो. सोलापूरच्या उन्हात ती अर्ध्या दिवसात खडखडीत होते, मग तिला उगाच दिवसभर तापत ठेवू नये, रंग उतरतो.

मे अखेरीस दिलेली चादर पावसाळ्यात खराब होते, ती अशी. पिशवी प्लास्टिकची, आत खळ दिलेलं कापड, बाहेर जून ते सप्टेंबरचा दमटपणा. पिशवीत ओलावा कोंडतो, घडीच्या रेषांवर पिवळे डाग पडतात. खळ हे कसरीचं, म्हणजे कापड खाणाऱ्या किड्याचं, आवडतं खाद्य. नोव्हेंबरात घडी उलगडली की बारीक भोकं दिसतात आणि दोष दुकानदारावर जातो. उपाय सोपा आहे. समारंभ झाला की त्याच आठवड्यात चादर एकदा धुऊन खळ काढून टाकावी, पूर्ण वाळवावी, जुन्या सुती धोतरात किंवा साडीत गुंडाळून ठेवावी आणि दोन महिन्यांनी घडी बदलावी. कडुलिंबाचा वाळलेला पाला मध्ये घातला तर चालेल. डांबरगोळ्यांचा वास सुतात महिनोन्महिने राहतो. दमा असलेल्या माणसाच्या पांघरुणात त्या नकोतच.

नाव घालून घ्यायची हौस असते. मागावरच नाव विणून घेणं एका-दोन नगांसाठी परवडत नाही, त्यासाठी नक्षी नव्यानं मांडावी लागते. एका चादरीला संगणकीय भरतकाम बरं. यात बिघडतं ते देवनागरी. बऱ्याच भरतकामवाल्यांकडे जुने फॉन्ट असतात, मोबाइलवरून पाठवलेला मजकूर त्यांत टाकला की जोडाक्षरं फुटतात, "निवृत्ती"चा "वृ" सुटा पडतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. मजकूर कागदावर छापून न्या आणि यंत्र सुरू होण्याआधी पडद्यावर अक्षर न् अक्षर तपासा. उंची दोन सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवली तर "ळ" आणि "क्ष"ची पोटं दोऱ्यानं भरून जातात. चादरीच्या मागे अस्तराचा कागद लावायला सांगा, नाहीतर भोवतीचं कापड गोळा होतं. टॉवेलवर भरायचं असेल तर वरून पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा लावतात. तो नसेल तर अक्षरं लवेत बुडतात. जरीचा दोरा नको, टोचतो. जागा एका कोपऱ्यात, किनारीपासून चार-पाच इंच आत. आणि फक्त नाव किंवा आद्याक्षरं. मधोमध "सेवापूर्तीनिमित्त सप्रेम भेट", तारीख, खात्याचं नाव असं सगळं भरलं की ते मानपत्र होतं, आणि मानपत्र अंगावर घेऊन कुणी झोपत नाही. हाताशी किमान आठ दिवस ठेवा.

इथंच एक सूचना. सोलापुरात भिंतीवर लावायची विणलेली चित्रंही होतात आणि फोटो दिला तर चेहराही विणून मिळतो. देवदेवता, मोर, निसर्गचित्रं त्यात देखणी दिसतात. माणसाचा चेहरा नाही. इंचात धागे ठरावीक आणि रंग मोजके, त्यामुळे गालावरची छटा पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि ओळखीचा माणूस अनोळखी दिसतो. वडिलांचा चेहरा तरी त्यात विणून घेऊ नका.

टॉवेलबद्दल थोडक्यात, कारण त्यात चुका कमी होतात. अंघोळीचा टॉवेल ३० बाय ६० इंच. चौरस मीटरला ४०० ते ४५० ग्रॅमच्या हिशेबानं एकाचं वजन ४६० ते ५२० ग्रॅम येतं. याहून जाड टॉवेल दुकानात हाताला सुखावतो, पण पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. नवा टॉवेल पाणी टिपत नाही ही तक्रार नेहमीची. तयार करताना दिलेला मऊपणाचा लेप त्याला कारण आहे. दोनदा साध्या साबणानं धुतला की तो टिपायला लागतो. कपडे मऊ करणारं द्रावण टॉवेलला कधीच वापरू नये, त्यानं तोच लेप पुन्हा चढतो. धागा निघाला तर ओढू नका, कात्रीनं कापा. ओढला की पूर्ण रांग उसवते.

चादरीला एकच पर्याय तिच्या तोडीचा वाटतो, तो म्हणजे गोधडी. वडिलांचे जुने सुती सदरे, आईच्या जुन्या सुती साड्या, धोतरं जमवून हातानं शिवून घेतलेली. चार-पाच थर पुरे, त्याहून जास्त झाले की सुई जात नाही आणि टाके मोठे पडतात. खाकी गणवेशाचं टेरिकॉट (पॉलिस्टर-सुती मिसळीचं कापड), सफारीचं कापड आठवण म्हणून घालायचा मोह होतो, पण ते घाम टिपत नाही आणि सुती थरांसोबत आटत नाही, त्यामुळे गोधडी चुण्या धरते. गणवेशाचा फक्त एखादा खिसा किंवा बिल्ला लावायची पट्टी वरच्या थराला शिवावी. सगळे कपडे आधी धुऊन आटवून द्यावेत. शिवणाऱ्या बायका ऐनवेळी मिळत नाहीत, दीड-दोन महिने आधी बोलावं लागतं.

बाकीचे पर्याय. मनगटी घड्याळ घ्यायचं तर तबकडी ३८ ते ४० मिलिमीटरची, आकडे साधे, काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे, आणि वार दाखवणारी खिडकी हवीच. निवृत्तीनंतर तारखेआधी वार विसरतो. जुन्या एचएमटीची ओढ असेल तर सांभाळून. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला आणि तेव्हापासून "जुनं, न वापरलेलं" म्हणून रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळं जोरात विकली जातात. अक्षरांच्या कडा पसरट आणि रंग भडक असतील तर समजून जा.

आरामखुर्चीत बसणं सोपं असतं, उठणं अवघड. कापडी झोळीची खुर्ची गुडघे दुखणाऱ्याला खड्ड्यासारखी होते. बैठक जमिनीपासून १७-१८ इंच, हात टेकून उठता येईल असे भक्कम दांडे, आणि वडिलांना प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रक्तदाबाचं यंत्र उपयोगी आहे, घरात असावंच, पण समारंभाच्या दिवशी हार गळ्यात असताना हातात देऊ नका. एरवी घ्याल तेव्हा मनगटाचं टाळून दंडाचं घ्या आणि दंडाचा घेर टेपनं मोजून जा. २२ ते ३२ सेंटिमीटरचा पट्टा जाड दंडाला लावला तर आकडा खोटाच जास्त येतो.

प्रवासाची भेट उत्तम, फक्त वयाचा हिशेब आधी करा. रेल्वेत पुरुषांना ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ साठीनंतर मिळतो. ५८व्या वर्षी निवृत्त झालेल्या वडिलांना आणखी दोन वर्षं वर चढावं लागू शकतं. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत ६५ पासून आणि मोफत प्रवास ७५ पासून. सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून धावते, बसूनच जायचं असल्यानं तिच्यात बर्थचा प्रश्नच नाही. आणि पिशवीत जाते ती आठशे ग्रॅमची पातळ चादरच.

शेवटची गोष्ट बिलाची. धुतलेली चादर कुणी बदलून देत नाही, म्हणून "माप किंवा विणीचा दोष असल्यास आठ दिवसांत बदलून मिळेल" एवढं बिलावर हातानं लिहून सहीसकट घ्या. घरी आणल्यावर बाबा बाहेर गेलेले बघून ती त्यांच्या पलंगावर एकदा अंथरा, टेप लावून लांबी-रुंदी मोजा, चारही किनारी आणि दोन्ही बाजू दिवसाच्या उजेडात पाहा, आणि त्याच घडीवर परत घालून ठेवा.